मुंबई ते लंडन विमानप्रवास: अंतर, वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला मुलगी-जावई आहेत, भाचा शिकायला गेलाय किंवा यंदा एकदाचं फिरून यायचं ठरलंय, अशा बहुतेक घरांत तिकीट काढण्याआधी हेच प्रश्न निघतात. उत्तरं इंटरनेटवर सापडतात, पण दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात आणि गोंधळ वाढतो. खालचे आकडे थेट विमानाचे आहेत आणि लंडन म्हणजे हीथ्रो धरलं आहे.

मुंबई ते लंडन हवाई अंतर नेमकं किती?

सुमारे ७,२०० किलोमीटर. साध्या मैलांत ४,४८० आणि वैमानिक वापरतात त्या नॉटिकल मैलांत ३,८९० च्या आसपास. हे सहारच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून हीथ्रोपर्यंतचं, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं कमीत कमी अंतर.

कुठे यापेक्षा दहा-वीस किलोमीटर कमी-जास्त दिसलं तर घाबरू नका. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरून गणित करतं, तर कुणी ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतं. कुणी विमानतळ धरतं, कुणी शहराचा मध्य. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला हा फरक मिनिट-दीड मिनिटाचा.

आणि वेळ?

मुंबईहून जाताना साधारण साडेनऊ ते सव्वादहा तास, लंडनहून येताना साडेआठ ते सव्वानऊ. अंतर दोन्हीकडे तेच असताना वेळात तासाभराचा फरक का, आणि जातानाच्या वेळेत पाऊण तास इकडे-तिकडे का, याची कारणं पुढे आहेत. थोडक्यात सांगायचं तर ७,२०० हा आकडा भूगोलाचा आहे. तास मात्र वारा ठरवतो, आणि कुठल्या देशाने आपलं आकाश कुणाला उघडं ठेवलंय यावर ठरतात.

नकाशावर मुंबई-लंडन रेघ अरबी समुद्र, इराक, तुर्की अशी जाते. मग सर्वात जवळचा रस्ता तोच ना?

नाही. भिंतीवरचा नकाशा सपाट, पृथ्वी गोल. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो नकाशावरच्या रेघेपेक्षा बराच उत्तरेकडून जाईल. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेघेवरून विमान गेलं तर सुमारे ७,४०० किलोमीटर पडतात. ताणलेल्या दोऱ्यावरून गेलं तर ७,२००. म्हणजे नकाशावर वाकडा दिसणारा रस्ताच जवळचा.

हा दोरा कुठून जातो ते पाहण्यासारखं आहे. मुंबईहून वायव्येला सौराष्ट्र आणि कच्छ. मग जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून बलुचिस्तान, पुढे पूर्व इराणचं वाळवंट, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया. तिथून काळ्या समुद्राची ईशान्य कड, क्रिमिया, युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी, बेल्जियमची कड आणि लंडन.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. गेल्या काही वर्षांत बातम्यांत आलेली जवळजवळ सगळी भांडणं या एका दोऱ्यावर टांगलेली आहेत.

म्हणजे विमानं या दोऱ्यावरून जातच नाहीत?

सध्याच्या परिस्थितीत पूर्ण दोरा कुणालाच वापरता येत नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही काही दिवसांत तसंच उत्तर दिलं, आणि ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवली गेली. याआधी बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला ते आकाश बंद झालं होतं. पूर्ण उघडायला १६ जुलै उजाडला.

इराणचं प्रकरण आणखी अनिश्चित. १३ जून २०२५ ला इस्रायल-इराण संघर्ष पेटला आणि इराण, इराकचं आकाश बंद झालं. त्या सकाळी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान सुमारे तीन तास उडून मुंबईलाच परतलं, आणि लंडनहून मुंबईकडे येणारं व्हिएन्नाला उतरवावं लागलं. त्यातल्या प्रवाशांना ७,२०० हा आकडा कुणी सांगितला असता तर काय उत्तर मिळालं असतं, कल्पना करा.

त्यामुळे व्यवहारात भारतीय विमान मुंबई सोडलं की सरळ अरबी समुद्रावर जातं. मग ओमान किंवा अमिरातींच्या बाजूने आखाताकडे, पुढे त्या दिवशी जे उघडं असेल त्याप्रमाणे इराक किंवा इराण, मग तुर्की, काळ्या समुद्राचा पश्चिम भाग किंवा बाल्कन, मध्य युरोप आणि इंग्लंड. इराण-इराक दोन्ही टाळायचे झाले तर सौदी अरेबिया, इजिप्त आणि भूमध्य समुद्राचा फेरा. प्रत्यक्ष उडालेलं अंतर म्हणून ७,२०० पेक्षा काही शे किलोमीटरने जास्त भरतं.

मुंबईकरांचं नशीब इतकंच, की पाकिस्तान टाळण्याचा दंड आपल्याला कमी बसतो. आपल्या पश्चिमेला समुद्र उघडा आहे. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला आधी खाली गुजरातपर्यंत यावं लागतं. म्हणूनच २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी थांबावं लागलं.

एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या का दिसतात?

बंदी सगळ्या देशांच्या विमानांना सारखी नसते. पाकिस्तानची बंदी भारतीय विमानांना आहे, ब्रिटिश एअरवेज किंवा व्हर्जिन अटलांटिकला नाही. रशियाने ब्रिटिश विमानांना आपलं आकाश बंद केलंय, भारतीय विमानांना नाही; मुंबई-लंडनला त्याने फारसं बिघडत नाही, पण नियम किती उलटसुलट आहेत ते कळतं. त्यात प्रत्येक कंपनीचा स्वतःचा सुरक्षिततेचा अंदाज असतो. एखादं आकाश कागदोपत्री उघडं असलं तरी कंपनी तिथून जायला नकार देऊ शकते. याबद्दल तक्रार करू नये असं माझं मत आहे. वीस मिनिटं उशिरा पोचणं परवडतं.

जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का?

वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारत आणि पश्चिम आशियावर हा वारा चांगलाच जोरात असतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० ने जातं. समोरून १०० चा वारा आला तर जमिनीच्या तुलनेत ८००, पाठीमागून आला तर १,०००.

वारा सगळ्या वाटेवर सारखा नसतो, आणि वैमानिक व कंपनीचे नियोजक जाताना त्याला चुकवत, येताना त्याला धरत मार्ग आखतात. त्यामुळे रोजचा मार्ग थोडा वेगळा असतो. डिसेंबर-जानेवारीत लंडनहून येणारं विमान कधी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी उतरतं ते याच कारणाने. पावसाळ्यात हा पट्टा उत्तरेला सरकतो आणि जाण्या-येण्यातला फरक कमी होतो.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग मुंबई स्वतःच पूर्वेला पळत असताना लंडनहून येताना जास्त वेळ लागायला हवा!

हा प्रश्न कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटावर वर्षातून एकदा येतोच. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटरने फिरते, विमान ताशी ९०० ने. तुमचा तर्क खरा असता तर लंडनहून निघालेलं विमान मुंबई गाठूच शकलं नसतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. चालत्या लोकलमध्ये चेंडू वर फेकला तर तो मागच्या डब्यात पडत नाही, तसं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवळणाने: जेट स्ट्रीम तयार होण्यामागे ते एक कारण आहे.

तिकिटावर दुपारी १ ला निघून संध्याकाळी सव्वासहाला पोचतं असं आहे. म्हणजे सव्वापाच तासच?

दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या आहेत. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतं. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाचचा. वरच्या उदाहरणात उन्हाळा धरला तर ५ तास १५ मिनिटं अधिक ४ तास ३० मिनिटं, म्हणजे पावणेदहा तास. जाताना फरक मिळवायचा, येताना वजा करायचा: रात्री साडेनऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोचलात तर घड्याळात साडेतेरा तास, वजा साडेचार, प्रवास नऊ तासांचा.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रवास असेल तर घरच्यांना वेळ सांगताना पुन्हा एकदा बोटं मोजा. भारतात १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ असली तरी मुंबई १९५५ पर्यंत आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ चालवत होती, ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं. तो हिशेब आज करावा लागत नाही हे काय कमी आहे?

दुबई, दोहा किंवा दिल्लीमार्गे गेलं तर किती लांब पडतं?

अंतरात वाटतं तितकं नाही. मुंबई-दुबई १,९३०, दुबई-लंडन ५,५००: बेरीज ७,४३०. दोहामार्गे साडेसात हजारांच्या जवळपास. उलट दिल्लीमार्गे मुंबई-दिल्ली १,१४० आणि दिल्ली-लंडन ६,७३०, म्हणजे ७,८७०. ‘आपल्याच देशातून’ जाण्याचा फेरा दुबईपेक्षा चारशे-साडेचारशे किलोमीटरने मोठा. आखाती कंपन्यांचं इतकं का चालतं याचं अर्धं उत्तर या बेरजेत आहे.

वेळ मात्र वाढतो तो जमिनीवर. मधला थांबा दोन तासांचा असेल तर एकूण प्रवास साडेबारा-तेरा तासांत बसतो, सहा तासांचा असेल तर सोळा-सतरा. तिकीट स्वस्त दिसलं की आधी मधल्या थांब्याची वेळ बघा. सत्तरीच्या आई-बाबांना एकट्याने पाठवताना पाच-सात हजार रुपये वाचवायला दोन विमानं बदलायला लावू नयेत. व्हीलचेअर मात्र दोन्ही परिस्थितीत तिकिटाबरोबरच मागून ठेवा, मोठ्या विमानतळांवर चालणं फार होतं.

इतक्या उंचीवरून उडाल्याने अंतर वाढतं का?

वाढतं, पण हसू येईल इतकंच. अकरा किलोमीटर उंचीवरून ७,२०० किलोमीटरच्या मार्गात सुमारे १२ किलोमीटरची भर पडते.

पायलट म्हणाला ‘आपण वेळेआधी आलोय’, आणि मग अर्धा तास आकाशात घिरट्या. हे काय?

वेळापत्रकातली वेळ ही हवेत असण्याची वेळ नसते. विमान मुंबईच्या गेटवरून मागे ढकललं गेलं की घड्याळ सुरू, हीथ्रोच्या गेटवर ते उभं राहिलं की बंद. यात धावपट्टीपर्यंतची रांग, उतरल्यावर गेटपर्यंतचा रस्ता आणि थोडी राखीव मिनिटं सगळं धरलेलं असतं. प्रत्यक्ष हवेतली वेळ त्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने कमी असते. म्हणून मुंबईहून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं.

घिरट्यांचं म्हणाल, तर हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि त्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरल्या जातात. गर्दी असली की येणाऱ्या विमानांना शहराभोवतीच्या चार ठिकाणांवर थांबवून ठेवतात: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन आणि ऑकहॅम. एकावर एक अशा थरांत विमानं फिरत राहतात आणि खालचं सुटलं की वरचं एक थर खाली येतं. खिडकीशी बसला असाल आणि तीच टेम्स तिसऱ्यांदा दिसली, तर तुम्ही त्यात आहात. पहाटे सहाच्या आत उतरायला परवानगी मोजक्या विमानांनाच मिळते, त्यामुळे वाऱ्याने लवकर आणलं तरी तिथे उपयोग होतोच असं नाही.

मुंबईची अडचण वेगळी. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं. मोठी दुरुस्ती पावसाळ्याच्या आगेमागे ठेवतात. त्या दिवशी दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद असतात आणि वेळापत्रक आधीच बदललेलं असतं.

पूर्वी किती वेळ लागायचा?

सुएझ कालव्यातून जहाजाने मुंबई ते लंडन सुमारे ११,६०० किलोमीटर. आफ्रिकेला वळसा घालून १९,८०० च्या आसपास. कालवा १८६९ मध्ये उघडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी १९३० च्या ऑक्टोबरमध्ये ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने गेले, त्याला साधारण दोन आठवडे लागले, आणि ती त्या काळातली चांगली बोट होती. लंडनला गेलात तर किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं घर जरूर बघा, महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतलं.

विमानाची गोष्ट अधिक रंजक आहे. इम्पिरियल एअरवेजने मार्च १९२९ मध्ये लंडन-कराची सेवा सुरू केली. एक आठवडा लागायचा आणि मधला बाझल ते जिनोआ हा तुकडा चक्क रेल्वेने करावा लागे. पुढे पर्शियाने, म्हणजे आजच्या इराणने, आपल्या किनाऱ्यावरून जायची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, तेव्हा १९३२ मध्ये मार्ग आखाताच्या अरबी बाजूला हलवला गेला आणि शारजाला विमानतळ झाला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन छोटं पस मॉथ विमान जुहूला उतरवलं. इराणचं आकाश मिळालं नाही की अरबी किनारा धरायचा, हे तेव्हापासून चालत आलेलं आहे.

एअर इंडियाचं मुंबई-लंडन पहिलं उड्डाण ८ जून १९४८ चं. ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान, पस्तीस प्रवासी, कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि जेटचा काळ सुरू झाला. तेव्हापासून विमानाचा वेग मात्र फारसा वाढलेला नाही. वाचलेला वेळ हा मुख्यतः मधले थांबे गेल्यामुळे.

दुसऱ्या शहरांचं अंतर आणि वेळ स्वतः कसं काढायचं?

संगणकावर गुगल मॅप्स उघडा, पहिल्या शहरावर उजवं क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या शहरावर क्लिक करा. मिळतं ते गोल पृथ्वीवरचंच अंतर. वेळेचा माझा ठोकताळा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई-लंडनला नऊ तास येतात. पश्चिमेकडे जात असाल तर त्यात अर्धा ते एक तास घाला. मुंबई-दिल्लीसारख्या छोट्या मार्गावर हा हिशेब कमी पडतो. तिथे चढण्या-उतरण्यात आणि रांगेतच जास्त वेळ जातो, म्हणून १,१४० किलोमीटरला वेळापत्रक सव्वादोन तास दाखवतं.

नवी मुंबईहून किंवा पुण्याहून?

नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, सुरुवात देशांतर्गत विमानांनी. तिथून लंडन सहारपेक्षा वीस-बावीस किलोमीटर लांब, आकाशात दीड मिनिट. पनवेल-नेरूळकरांचा रस्त्यावर वाचणारा वेळ त्याच्या कितीतरी पट. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही. मुंबईला रस्त्याने यायचं तर घाटातली गर्दी धरून पाच तास हाताशी ठेवा, शुक्रवार संध्याकाळ असेल तर त्याहून जास्त.

संकष्टीच्या दिवशी विमानात असलो तर उपास कधी सोडायचा?

खरोखर विचारतात. पंचांगातली मुंबईची चंद्रोदयाची वेळ लंडनला लागू नाही. तिथे राहणारी मंडळी लंडनच्या चंद्रोदयाची वेळ बघतात, आणि जून-जुलैत ती मध्यरात्रीच्या आसपास किंवा नंतरही येते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबत जातो: पन्नास अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १,०७० किलोमीटरने फिरते आणि विमान ९०० ने तिच्या उलट पळतं, त्यामुळे दुपारी निघालात तर सूर्य मावळता मावळत नाही. चंद्रोदयाची वाट बघत बसणं साठीपुढच्यांना आणि मधुमेह असलेल्यांना जमणारं नाही. आमच्याकडे घरून निघतानाच उपास सोडतात. राजगिऱ्याचे लाडू पिशवीत ठेवा, विमानात उपासाचं ताट मिळत नाही. जैन किंवा भारतीय शाकाहारी जेवण हवं असेल तर किमान चोवीस तास आधी नोंदवा.

मधुमेहाचं इन्सुलिन घेत असाल तर साडेचार-साडेपाच तासांनी लांबलेल्या दिवसात डोस कसा घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा.

हीथ्रोला घ्यायला येणाऱ्यांनी घरून कधी निघायचं?

विमानाचा क्रमांक थेट माग दाखवणाऱ्या कुठल्याही अॅपवर टाका. वेळापत्रकातली वेळ बघू नका, त्या दिवशीची अपेक्षित वेळ बघा. विमान उतरलं की गेट, पासपोर्टची रांग आणि सामान मिळून साधारण तास ते दीड तास जातो. भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथल्या स्वयंचलित दारांतून जाता येत नाही, रांगेतच उभं राहावं लागतं. व्हीलचेअर असेल तर रांग लहान, पण माणूस यायची वाट पाहावी लागते. त्यामुळे हॅरो-वेम्बलीहून येणाऱ्यांनी विमान उतरल्याचं कळल्यावर निघालं तरी चालतं. आई-बाबांचा भारतातला फोन तिथे चालेलच असं नाही, म्हणून टर्मिनलचा क्रमांक आणि भेटायची जागा आदल्या रात्रीच कागदावर लिहून त्यांच्या पासपोर्टमध्ये ठेवा.